लिनक्सवरील वाय-फायचा दोषशोध : प्रस्तावना

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात वाय-फाय जोडले जात नाही, तेव्हा बिघाड बहुधा एकाच ठिकाणी असतो. तो असू शकेल अशी ठिकाणे मात्र बरीच. वाय-फायची चिप संगणकाला दिसते का, तिला योग्य ड्रायव्हर मिळाला का, ड्रायव्हरला फर्मवेअर सापडले का, रेडिओ कोणी बंद करून ठेवलेला नाही ना, राउटरचे संकेत ऐकू येतात का, पासवर्ड जुळला का, आयपी पत्ता मिळाला का, आणि शेवटी संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता काढून देणारी डीएनएस सेवा उत्तर देते का, अशा या पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी आहे. खालची निखळली की वरच्या सगळ्याच निखळल्यासारख्या दिसतात. वापरणाऱ्याला मात्र एवढेच कळते की इंटरनेट नाही.

म्हणून उपायाआधी पायरी शोधावी लागते. बहुतेक वेळ वाया जातो तो हा क्रम न पाळल्याने: ड्रायव्हरच नसताना पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकून पाहिला जातो, किंवा डीएनएस अडलेले असताना ड्रायव्हर काढून नवा बसवला जातो. दुसरा प्रकार जास्त महागात पडतो, कारण तोवर धड चाललेली पायरीही त्यात मोडते आणि एका दोषाचे दोन होतात. इथून तिथून उचललेल्या कमांड एकामागून एक चालवणे हा या क्षेत्रातला सर्वांत पसरलेला रोग आहे. त्यातली एखादी लागू पडली तरी कोणती, ते कळत नाही, आणि उरलेल्यांनी काय बदलून ठेवले याचा पत्ता लागत नाही. लिनक्समध्ये त्याची गरजही नसते. प्रत्येक पायरीवर काय घडले याची नोंद ही प्रणाली ठेवते आणि ती वाचू देते. नोंदीची भाषा रुक्ष असते, पण ती सहसा दिशाभूल करत नाही.

लिनक्स आणि वाय-फाय यांचे पटत नाही, हा लौकिक २००० नंतरच्या दशकातला, आणि त्या काळापुरता तो खराही होता. आयईईई या संस्थेने ८०२.११ हे मानक १९९७ मध्ये प्रसिद्ध केले; १९९९ च्या ८०२.११बी नंतर वाय-फाय घरोघरी पोचू लागले. चिप बनवणाऱ्या कंपन्या विंडोजसाठी ड्रायव्हर देत, पण चिपशी बोलायचे कसे याचे दस्तऐवज कोणालाही देत नसत. रेडिओची शक्ती आणि वारंवारता सॉफ्टवेअरवर ठरते, ते उघडे केले तर सरकारी नियम मोडले जातील, असे एक कारण सांगितले जाई. व्यापारी गुपिते हे दुसरे, न सांगितलेले. मग मुक्तस्रोतवाल्यांनी आडवाटा काढल्या. एनडिसरॅपर नावाचा प्रकल्प विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्समध्ये चालवून दाखवी. ब्रॉडकॉमच्या चिपसाठी तर एका गटाने मूळ ड्रायव्हर उलगडून त्यावरून फक्त वर्णन लिहिले, आणि मूळ ड्रायव्हर न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहिला. कायद्याच्या दृष्टीने निर्दोष राहण्यासाठी ही कसरत होती. तो ड्रायव्हर २००६ मध्ये कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या केंद्रभागात, आला. अथेरॉसच्या चिपसाठी मॅडवायफाय हा ड्रायव्हर होता, पण त्याचा गाभा बंद स्वरूपातच मिळे. ओपनबीएसडी प्रकल्पात त्या गाभ्याला मुक्त पर्याय लिहिला गेला आणि त्याच वंशातून पुढे लिनक्सचा एटीएच५के हा ड्रायव्हर आला.

वळण आले ते २००७ च्या जुलैत. तोवर प्रत्येक ड्रायव्हर वाय-फायचे सगळे व्यवहार आपापल्या परीने हाताळत असे. २.६.२२ क्रमांकाच्या कर्नलमध्ये मॅक८०२११ नावाचा सामाईक थर आला. डिव्हाइसस्केप या कंपनीने आधीच्या वर्षी मुक्त केलेल्या सॉफ्टवेअरवर तो उभा होता. नोंदणी, संकेतीकरण, वेग ठरवणे ही सर्वांना लागणारी कामे या थराने उचलली आणि ड्रायव्हर लिहिणाऱ्याला केवळ आपल्या चिपपुरते पाहायचे उरले. २००८ मध्ये अथेरॉसने स्वतःच मुक्त ड्रायव्हर दिला, २०१० च्या सप्टेंबरमध्ये ब्रॉडकॉमनेही काही चिपसाठी तेच केले. इंटेल त्याआधीपासूनच मुक्त ड्रायव्हर देत होती. दरम्यान राउटरच्या टोकालाही लिनक्स जाऊन बसले होते. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये लिनक्स असल्याचे २००३ मध्ये उघड झाल्यावर कंपनीला त्याचा स्रोत खुला करावा लागला आणि त्यातूनच ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प निघाला. आज इंटेल किंवा मीडियाटेकचे कार्ड असलेला, वर्षभर जुना लॅपटॉप घेतला तर त्यावर वाय-फाय पहिल्याच दमात चालण्याची शक्यता पुष्कळ. जे अडते ते बहुधा फार नव्या, फार जुन्या किंवा फार स्वस्त चिपमुळे.

या इतिहासाचा एक धागा अजून तुटलेला नाही, तो फर्मवेअरचा. चिपच्या आत एक छोटा प्रोसेसर असतो आणि त्याचा कार्यक्रम म्हणजे फर्मवेअर. बहुतेक चिपमध्ये तो कायमचा कोरलेला नसतो. दर वेळी संगणक सुरू होताना ड्रायव्हर तो डिस्कवरून उचलून चिपमध्ये भरतो. ड्रायव्हर मुक्त असला तरी हे फर्मवेअर बहुधा बंदच असते, फक्त वाटण्याची परवानगी असते. मुक्त सॉफ्टवेअरच्या तत्त्वाला धरून राहणाऱ्या डेबियनने म्हणून ते आपल्या अधिकृत डिस्कबाहेर ठेवले होते. परिणामी लॅपटॉपवर डेबियन बसवताना वाय-फाय नसे, आणि वाय-फाय चालवायला लागणारे फर्मवेअर उतरवून घ्यायला वाय-फाय हवे असे. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदानाने हा नियम बदलला आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून फर्मवेअर डिस्कवरच येऊ लागले. तत्त्वाला मुरड पडली खरी, पण नवशिक्यांची एक मोठी अडचण गेली. जे अजूनही या कोंडीत सापडतात त्यांच्यासाठी सोपी वाट म्हणजे अँड्रॉइड फोन. यूएसबी केबलने जोडून टेदरिंग सुरू केले की लिनक्सला तो फोन तारेच्या नेटवर्कसारखा दिसतो आणि वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

प्रत्यक्ष शोध सुरू होतो तो चिपची ओळख पटवण्यापासून. लॅपटॉपच्या झाकणावरचे नाव येथे फारसे कामाचे नाही, कारण एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची वाय-फाय कार्डे बसवलेली आढळतात. खरी ओळख म्हणजे चार-चार षोडशमान अंकांचे दोन गट: पहिला उत्पादकाचा, दुसरा उपकरणाचा. आतल्या कार्डासाठी एलएसपीसीआय आणि यूएसबीत खोचायच्या डोंगलसाठी एलएसयूएसबी या कमांड हे अंक दाखवतात. इंटेलचा क्रमांक ८०८६, म्हणजे त्या कंपनीने आपल्या सर्वांत गाजलेल्या प्रोसेसरचे नावच घेऊन ठेवले. रिअलटेकचा पीसीआयवर १०ईसी आणि यूएसबीवर ०बीडीए. एलएसपीसीआयला के हा पर्याय दिला की त्या कार्डाचा ताबा सध्या कोणत्या ड्रायव्हरकडे आहे तेही दिसते. कार्ड यादीतच नसेल तर ड्रायव्हरचा विचार करण्यात अर्थ नाही. ते बायोसमध्ये बंद केलेले असते किंवा खाचेत सैल झालेले असते. डोंगलच्या बाबतीत आणखी एक गंमत आढळते. काही डोंगल प्रथम सीडी ड्राइव्ह म्हणून समोर येतात, कारण विंडोजचा ड्रायव्हर त्यांच्या पोटातच दिलेला असतो. यूएसबी मोडस्विच हे साधन त्यांना खऱ्या रूपात आणते.

कार्ड दिसते पण त्याच्यापुढे ड्रायव्हरचे नाव नाही, अशी स्थिती असेल तर कर्नलचे वय पाहावे. लिनक्समध्ये ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात, त्यामुळे चिप कर्नलपेक्षा नवी असली की ती अनोळखीच राहते. रिअलटेकच्या आरटीएल८८५२एई या चिपचा ड्रायव्हर ५.१६ क्रमांकाच्या कर्नलमध्ये, म्हणजे जानेवारी २०२२ मध्ये आला. उबुंटू २०.०४ हे ५.४ कर्नल घेऊन बाहेर पडले होते. ती चिप असलेल्या लॅपटॉपवर ते बसवणाऱ्याला वाय-फायचे चिन्हसुद्धा दिसत नसे आणि दोष उबुंटूच्या माथी जाई. अशा वेळी नवे कर्नल घेणे हा सरळ उपाय. तो सोडून कर्नलबाहेरचा ड्रायव्हर स्वतः बांधून घेतला तर दोन नव्या जबाबदाऱ्या अंगावर येतात. एक, कर्नलची प्रत्येक नवी आवृत्ती आली की तो पुन्हा बांधावा लागतो. डीकेएमएस हे साधन ते काम आपोआप करते, पण कर्नलची हेडर पॅकेजे बसवलेली नसतील तर ते मुकाट्याने फसते. काल चाललेले वाय-फाय आज अपडेटनंतर गेले, या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असते. दोन, सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर कर्नल आत घेत नाही. त्यासाठी स्वतःची चावी तयार करून तिची नोंदणी करावी लागते, आणि ही नोंदणी संगणक पुन्हा सुरू होताना येणाऱ्या एका निळ्या पडद्यावर पूर्ण होते. तो पडदा काय आहे हे न कळून लोक पुढे निघून जातात आणि नोंदणी अर्धवट राहते.

फर्मवेअर मिळाले का, हे कर्नलच्या नोंदीत कळते. ती डीमेसेज या कमांडने वाचता येते. तेथे अमुक फाइल भरता आली नाही, दोष क्रमांक उणे २, अशी ओळ दिसली तर अर्थ सरळ आहे: उणे २ म्हणजे त्या नावाची फाइल नाही. मात्र ही ओळ दिसताच दचकू नये. इंटेलचा ड्रायव्हर सर्वांत नव्या आवृत्तीच्या फर्मवेअरपासून सुरुवात करून एकेक पायरी खाली येत पाहतो, त्यामुळे दोन-तीन फाइली न सापडल्याच्या ओळी आणि मग एक भरल्याची ओळ, हे अगदी निरोगी लक्षण आहे. शेवटची ओळ काय म्हणते ते पाहायचे. उणे ११० हा क्रमांक वेगळा: चिपने वेळेत उत्तर दिले नाही असा त्याचा अर्थ. तो येत असेल तर संगणक पूर्ण बंद करून, शक्य असल्यास वीज तोडून पुन्हा सुरू करणे हा पहिला उपाय. विंडोजसोबत लिनक्स असलेल्या संगणकांवर विंडोजचे फास्ट स्टार्टअपही बंद करावे. ते चालू असले की विंडोज खऱ्या अर्थाने बंद होत नाही आणि कार्ड अर्धवट अवस्थेत लिनक्सच्या हाती येते.

ड्रायव्हर आणि फर्मवेअर जागेवर असले की संगणकात एक इंटरफेस उभा राहतो. पूर्वी त्याचे नाव हमखास डब्ल्यूलॅन० असे. २०१३ पासून सिस्टमडी या सेवाव्यवस्थापकाच्या पद्धतीने डब्ल्यूएलपी३एस० यासारखी नावे येऊ लागली, ज्यांत कार्ड कोणत्या खाचेत आहे ते गुंफलेले असते. जुन्या लेखांतली कमांड जशीच्या तशी चालवून उपकरण सापडत नाही असे उत्तर आले, तर कारण बहुधा एवढेच. इंटरफेस आहे पण रेडिओ बंद आहे का, हे आरएफकिल ही कमांड सांगते. तेथे दोन प्रकारची बंदी असते. सॉफ्टवेअरने घातलेली कमांडने उठते. हार्डवेअरची बंदी मात्र लॅपटॉपच्या कडेचा खटका किंवा कीबोर्डवरची विमानाच्या चित्राची कळ यांच्याकडूनच येते आणि कमांडला दाद देत नाही. रास्पबेरी पायवर देशाचे नाव निवडेपर्यंत वाय-फाय मुद्दाम सॉफ्टवेअरच्या बंदीने बंद ठेवलेले असते. पाय बिघडला म्हणून दुकानात परत नेण्याआधी हे पाहून घ्यावे.

देशाचा हा प्रश्न पुढच्या पायरीवरही येतो. कोणत्या चॅनेलवर किती शक्तीने बोलायचे हे प्रत्येक देश ठरवतो आणि लिनक्स ते नियम कर्नलमध्येच पाळते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात भारतात १ ते १३ चॅनेल वापरता येतात, अमेरिकेत व्यवहारात ११ पर्यंतच. त्यामुळे संगणकाची समजूत आपण अमेरिकेत आहोत अशी असेल आणि पुण्यातल्या घरातला राउटर आपोआप १३ वर जाऊन बसला असेल, तर फोनला दिसणारे नेटवर्क लॅपटॉपला दिसतच नाही. अमेरिकेतून आणलेल्या लॅपटॉपवर हे विशेष घडते, कारण काही कार्डांत देशाचा संकेत कारखान्यातच भरलेला असतो आणि सॉफ्टवेअरला तो केवळ अधिक कडक करता येतो, सैल करता येत नाही. तेव्हा राउटरचा चॅनेल बदलणे हाच व्यवहार्य मार्ग. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात भारताने २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये बरीच जागा परवानामुक्त केली. पण ५२ ते १४४ या चॅनेलांवर अनेक देशांत रडारला अग्रक्रम असतो. राउटरला तेथे बोलण्याआधी निदान मिनिटभर कान देऊन ऐकावे लागते, आणि रडार जाणवले तर तत्काळ जागा सोडावी लागते. राउटर सुरू केल्यावर ५ गिगाहर्ट्झचे नेटवर्क उशिरा का दिसते, याचे उत्तर यातच आहे.

नेटवर्कच्या नावाबद्दल मराठी वाचकाच्या उपयोगाची एक गोष्ट. नावाला मानकाने ३२ बाइटची मर्यादा घातली आहे आणि देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, काना-मात्रांसह, यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खाते. म्हणजे दहा चिन्हांत नाव बसवावे लागते. असे नाव चालते, पण आयडब्ल्यू ही कमांड ते अक्षरांत न दाखवता षोडशमान अंकांच्या माळेत दाखवते. पासवर्डला मात्र ८ ते ६३ साध्या रोमन चिन्हांचीच मुभा आहे.

नेटवर्क दिसते पण जोडणी होत नाही, तेव्हा सूत्रे डब्ल्यूपीए सप्लिकंट या कार्यक्रमाकडे असतात. जौनी मालिनेन यांनी लिहिलेला हा कार्यक्रम जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये पडद्यामागे असतो. इंटेलने लिहिलेला आयडब्ल्यूडी हा त्याचा नवा पर्याय. दोघेही एकाच वेळी चालू असले तर एकमेकांचे काम उधळतात, आणि हा दोष ओळखायला कठीण कारण दोघांच्याही नोंदी आपापल्या जागी बरोबर दिसतात. वरून हुकूम देणारा नेटवर्कमॅनेजर. डेबियनमध्ये एखाद्या इंटरफेसचे नाव जुन्या पद्धतीच्या इंटरफेसेस फाइलमध्ये लिहिलेले असेल तर नेटवर्कमॅनेजर त्याला हातच लावत नाही. वाय-फायचे सगळे थर ठीक असून यादी रिकामी दिसण्याचे हे एक नेहमीचे कारण.

पासवर्ड चुकल्याचे नेमके कधी कळते, हे समजून घेण्यासारखे आहे. पासवर्ड हवेतून कधीच पाठवला जात नाही. त्यावरून आणि नेटवर्कच्या नावावरून ४०९६ फेऱ्यांच्या गणिताने एक चावी निघते, आणि राउटर व संगणक चार निरोपांच्या देवाणघेवाणीत परस्परांकडे तीच चावी असल्याची खात्री करतात. म्हणून चुकीच्या पासवर्डनेही नोंदणीचा पहिला टप्पा पार पडतो आणि अपयश चार निरोपांत येते. नोंदीत चार निरोप अपुरे राहिल्याचा उल्लेख असेल तर आधी पासवर्डवर संशय घ्यावा, मग कमकुवत सिग्नलवर. २०१८ च्या डब्ल्यूपीए३ मध्ये ही पद्धत बदलली आहे. राउटर फक्त डब्ल्यूपीए३ वर ठेवला असेल तर जुना ड्रायव्हर बरोबर पासवर्ड देऊनही आत जाऊ शकत नाही. राउटरवर जुन्या आणि नव्या दोन्ही पद्धतींचा मिश्र पर्याय निवडला की काम होते. त्यासाठी जुन्या डब्ल्यूईपीकडे मात्र कधी वळू नये, त्याचे कुलूप २००१ मध्येच फुटले आहे.

महाविद्यालये आणि कचेऱ्यांतली नेटवर्के निराळी. तेथे प्रत्येकाला स्वतःचे नाव आणि पासवर्ड असतो आणि सर्व्हर आपली ओळख प्रमाणपत्राने पटवतो. प्रमाणपत्राला मुदत असते, म्हणून संगणकाचे घड्याळ चुकले की ते अवैध ठरते. मदरबोर्डवरची बटणाएवढी बॅटरी संपलेल्या जुन्या संगणकात वाय-फाय बंद पडण्याचे हे अनपेक्षित कारण. दुसरे कारण २०२२ चे. उबुंटू २२.०४ सोबत ओपनएसएसएल ३ आले आणि त्याने जुन्या, असुरक्षित पद्धतीने बोलणाऱ्या सर्व्हरशी संवाद नाकारला. कित्येक संस्थांत एकाच दिवशी अद्ययावत केलेले लॅपटॉप बाहेर राहिले आणि न केलेले आत. दोष सर्व्हरच्या जुनेपणाचा होता, पण दिसला लॅपटॉपमध्ये.

जोडणी झाली, चिन्ह पूर्ण दिसते आणि तरी पान उघडत नाही, अशा वेळी वाय-फायचा विषय संपलेला असतो आणि नेटवर्कचा सुरू होतो. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर आयपी पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सेवेकडून उत्तर आलेले नाही. राउटरकडचे पत्ते संपले असतील किंवा त्याने ठरावीक उपकरणांनाच पत्ते द्यायचे ठरवले असेल. या दुसऱ्या शक्यतेत लिनक्सचा एक सुरक्षाउपाय आड येतो: नेटवर्कमॅनेजर काही मांडणीत हार्डवेअरचा खरा पत्ता लपवून बनावट पत्ता पुढे करतो, आणि यादीत नसलेल्या त्या पत्त्याला राउटर दारातच थांबवतो. पत्ता मिळाला असेल तर १.१.१.१ ला पिंग करून पाहावे. तो लागतो पण संकेतस्थळाचे नाव लागत नाही, म्हणजे डीएनएस अडले. पुष्कळदा बंद केलेल्या व्हीपीएनने जाताना रिझॉल्व्हकॉन्फ फाइलमध्ये आपला सर्व्हर तसाच ठेवलेला असतो.

रेल्वे स्थानकांवरचे वाय-फाय हे या टप्प्याचे चांगले उदाहरण. रेलटेल आणि गूगल यांनी जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून ते सुरू केले. तेथे जोडणी विनापासवर्ड होते, पण पहिले पान उघडू लागताच नेटवर्क ते अडवून मोबाइल क्रमांक विचारणारे पान पुढे करते. लिनक्सवर हे पान न दिसण्याचे कारण बहुधा ब्राउझरची दक्षता: संकेतीकृत पान मधल्यामध्ये अडवता येत नाही, ब्राउझर फक्त इशारा देतो. व्हीपीएन बंद करून आणि डीएनएस स्वयंचलित ठेवून साध्या एचटीटीपीचे एखादे पान उघडले की नोंदणीचे पान समोर येते.

सर्वांत चिवट दोष म्हणजे चालू-बंद होणारी किंवा रेंगाळणारी जोडणी. येथे कोणतीच पायरी पूर्ण मोडलेली नसते आणि पायऱ्यांची पद्धत अपुरी पडते. वेळ, जागा आणि मोजमाप यांची जोड द्यावी लागते. पहिला संशयित वीजबचत. चिप मधूनमधून झोपते आणि राउटरच्या हाकेला जागी होते, जी सहसा दर १०२.४ मिलिसेकंदांनी येते. काही चिपना हे वेळापत्रक सांभाळता येत नाही. पिंगचे आकडे २ मिलिसेकंदांवरून मध्येच काही शेकड्यांवर उडत असतील, तर वीजबचत बंद करून तेच मोजमाप पुन्हा घ्यावे. नेटवर्कमॅनेजरच्या फाइलमध्ये त्यासाठी पॉवरसेव्हची किंमत २ ठेवतात. ३ म्हणजे चालू. १ असा आकडा बंद-चालूच्या सवयीने टाकणारे बरेच असतात आणि त्याने काहीच बदलत नाही.

दुसरा संशयित हवा. सिग्नलची ताकद उणे डीबीएममध्ये मोजतात आणि हे माप सरळ नाही: उणे ६७ वरून उणे ७७ वर येणे म्हणजे ताकद दहाव्या हिश्शावर येणे. उणे ६७ च्या आसपास व्हिडिओवरचे संभाषण निभते, उणे ८० ला पान उघडतानाही धाप लागते. पण ताकद भरपूर असूनही वेग नसेल तर गर्दी पाहावी. २.४ गिगाहर्ट्झमध्ये चॅनेलांत ५ मेगाहर्ट्झचे अंतर आणि प्रत्येकाची रुंदी मात्र २०, म्हणून १, ६ आणि ११ एवढीच परस्परांवर न चढणारी. मुंबईतल्या उंच इमारतीत एका भिंतीआड वीस राउटर या तीन जागांसाठी भांडत असतात, त्यात मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवर आणि ब्लूटूथ त्याच पट्ट्यात. लॅपटॉपच्या वाय-फाय आणि ब्लूटूथचे अँटेना बहुधा एकच असतात. ब्लूटूथ हेडफोन लावताच वेग पडत असेल तर ५ गिगाहर्ट्झकडे जाण्याइतका पक्का उपाय दुसरा नाही. यूएसबी ३ चा संशय क्वचितच कोणाला येतो. त्याच्या केबलमधून जाणारी माहिती २.४ गिगाहर्ट्झच्या भोवती कुजबुज निर्माण करते, असे इंटेलने २०१२ मध्ये मोजून दाखवले. डोंगलशेजारी हार्ड डिस्क लावली की वाय-फाय पडते, ते यामुळे. डोंगल वीतभर केबलने दूर नेले की प्रश्न मिटतो. ड्रायव्हरला दोष नसतो.

या सर्व पायऱ्यांवर एकेकच बदल करावा, तो लिहून ठेवावा आणि उपयोग झाला नाही तर मागे घ्यावा. दोन तुलना फार थोड्या श्रमांत पुष्कळ सांगून जातात. संगणक सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या यादीतून आधीचे कर्नल निवडून संगणक सुरू केला आणि वाय-फाय आले, तर दोष नव्या कर्नलात किंवा त्याच्यासाठी न बांधल्या गेलेल्या ड्रायव्हरात. पेन ड्राइव्हवरच्या दुसऱ्या ताज्या लिनक्सवर ते चालले, तर हार्डवेअर शाबूत आहे. नोंदी वाचताना भाषेचे एक पथ्य आहे. नेटवर्कमॅनेजरचे भाषांतर मराठीत झालेले आहे, कर्नलच्या नोंदी मात्र सदैव इंग्रजीत असतात. शोध घेण्यासाठी कमांडपुरती भाषा सी या मूळ रूपावर आणली की दोन्हीकडचे शब्द जुळतात आणि दुसऱ्याला विचारणेही सोपे जाते. विचारताना चिपचे दोन क्रमांक, कर्नलचा क्रमांक आणि जोडणीच्या त्या मिनिटाची जर्नलसीटीएलमधली नोंद द्यावी. वाय-फाय चालत नाही, एवढ्या वाक्यावर कोणालाच काही सांगता येत नाही.

काही दोष सॉफ्टवेअरच्या पलीकडचे असतात. लॅपटॉप दुरुस्तीहून आल्यावर सिग्नल अचानक क्षीण झाला तर कार्डावर दाबून बसवायच्या दोन बारीक अँटेना-तारांपैकी एक सुटी राहिलेली असते. कार्डच बदलायचे तर ते बोर्डला डकवलेले नाही ना, आणि जुन्या लॅपटॉपचे बायोस परक्या कार्डाला नकार तर देत नाही ना, हे आधी पाहावे लागते. डोंगल घेताना मॉडेलचे नाव पुरत नाही. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या लोकप्रिय डोंगलच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ ही चिप होती, लिनक्सवर उत्तम चालणारी. दुसऱ्या आवृत्तीत नाव तेच राहिले आणि आत रिअलटेकची चिप आली. म्हणून खोक्यावरचा आवृत्ती क्रमांक वाचावा आणि जिचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे अशी चिप निवडावी. मीडियाटेकची एमटी७६१२यू ४.१९ पासून आणि एमटी७९२१एयू ५.१८ पासून कर्नलमध्ये आहे; या दोन्हींसाठी काहीही वेगळे बांधावे लागत नाही.